उतरवलेला वाडा, पाडलेली इमारत

पुण्याच्या जुन्या पेठांत वाडा ‘उतरवला’ जातो, तर सिमेंट-काँक्रीटची इमारत ‘पाडली’ जाते. बोलीने केलेला हा भेद दोन बांधकामपद्धतींच्या स्वभावातील आणि, आज पर्यावरणाच्या भाषेत बोलायचे तर, त्यांच्या कार्बनच्या हिशेबातील फरक अचूक टिपणारा आहे. वाडा उतरवताना आधी कौले निघतात, मग रिपा आणि वासे, त्यानंतर कडीपाट, म्हणजे मजल्याच्या आडव्या कड्या आणि त्यांवर अंथरलेल्या फळ्या, मग तुळया व खांब, आणि सर्वांत शेवटी भिंतींच्या विटा व जोत्याचा घडीव दगड. ज्या क्रमाने वास्तू चढली त्याच्या उलट क्रमाने ती उतरते आणि उतरताना तिचा बहुतेक भाग वस्तू म्हणून शिल्लक राहतो. खांब दगडी तळखड्यावर टेकलेला असतो, तुळई त्याच्या माथ्यावर खाचेत बसवलेली असते, विटा चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतात. त्यामुळे सांधा सोडवता येतो, आणि चुना विटेपेक्षा मऊ असल्याने तो खरवडून काढला की वीट पुन्हा बांधकामाला लावण्याजोगी हाती येते.

काँक्रीटच्या इमारतीला असा उलटा क्रम नाही. तिचे खांब, तुळया आणि स्लॅब एकसंध ओतलेले असतात, म्हणून यंत्राच्या ब्रेकरखाली ते फोडावेच लागतात. सळई भंगारात जाते आणि पुन्हा वितळवली जाते, पण उरलेल्या ढिगाला बांधकामाच्या व्यवहारात एकच नाव आहे, राडारोडा. सिमेंटचा मसाला विटेपेक्षा कठीण असल्याने भिंत पाडताना सांध्याऐवजी वीटच फुटते. बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासंबंधी केंद्र सरकारने २०१६ मध्ये केलेल्या नियमांनी मोठ्या प्रकल्पांना हा कचरा काँक्रीट, माती, विटा व मसाला, आणि पोलाद-लाकूड-प्लास्टिक अशा चार भागांत वेगळा करणे बंधनकारक केले. ही तरतूद योग्यच होती, मात्र तिची सुरुवात इमारत कोसळल्यानंतर होते. ती इमारत पाडायलाच हवी होती का, हा त्याआधीचा प्रश्न असून ऐतिहासिक वास्तूंच्या पुनर्वापराचे पर्यावरणीय मोल त्याच प्रश्नात दडलेले आहे.

धूर एका जिल्ह्यात, इमारत दुसऱ्या

इमारतीमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे दोन हिस्से मानले जातात. इमारत वापरात असताना दिवे, पंखे, वातानुकूलन, लिफ्ट आणि पंप यांना लागणाऱ्या ऊर्जेमुळे होणारे उत्सर्जन हा पहिला हिस्सा; इमारत उभी राहण्यापूर्वीच, म्हणजे दगड फोडताना, वीट भाजताना, पोलाद वितळवताना, सिमेंट तयार करताना आणि हे सारे वाहून आणताना झालेले उत्सर्जन हा दुसरा. या दुसऱ्या हिश्शाला अंतर्भूत कार्बन म्हणतात. वापरातील उत्सर्जन पुढील वर्षांत चांगली उपकरणे आणि सौरऊर्जा यांनी कमी करता येते, परंतु अंतर्भूत कार्बन इमारतीच्या पहिल्या दिवशीच पूर्ण खर्च झालेला असतो आणि परत घेता येत नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या वास्तूचा हा खर्च कधीच होऊन गेलेला आहे. ती पाडली तर त्या खर्चावर पाणी सोडून नव्या इमारतीसाठी तोच खर्च पुन्हा, आणि आजच्या सामग्रीमुळे बहुधा अधिक प्रमाणात, करावा लागतो.

यातील सर्वांत जड वाटा सिमेंट आणि पोलादाचा आहे. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे होते. चुनखडी आणि चिकणमाती यांचे मिश्रण सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाला भाजले की क्लिंकर नावाचे कडक गोळे तयार होतात आणि ते दळले की सिमेंट होते. भट्टीतील कोळशाचा धूर हा या उत्सर्जनाचा लहान भाग आहे. मोठा भाग चुनखडीतूनच येतो, कारण उष्णतेने तिच्यातील कार्बन डायऑक्साइड सुटा होतो, आणि एक टन क्लिंकरमागे केवळ दगडातून निघणारा हा वायू सुमारे अर्धा टन भरतो. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी हा अर्धा टन टळत नाही. कोळशाची राख किंवा पोलाद कारखान्यांतील धातुमळी मिसळून क्लिंकरचे प्रमाण कमी करता येते आणि भारतीय सिमेंट उद्योगाने त्या दिशेने बरेच काम केले आहे, तथापि बांधकामच वाढत राहिले तर प्रत्येक गोणीमागची बचत गोण्यांच्या संख्येत बुडून जाते.

चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवाळपूर, घुग्घुस या गावांभोवती चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत. तेथे भट्टीतून वर गेलेला वायू त्या जिल्ह्याच्या खात्यावर पडतो आणि सिमेंट ज्या शहरात ओतले जाते त्या शहराच्या खात्यावर त्याची नोंद होत नाही. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले. भारतातील इतर शहरांच्या आधी उचललेले हे पाऊल मोलाचे आहे. परंतु शहराची उत्सर्जनाची मोजणी रूढ पद्धतीने शहराच्या हद्दीत जळणारे इंधन, वापरली जाणारी वीज आणि कचरा यांपुरती असते, हद्दीबाहेर भाजलेले सिमेंट आणि वितळवलेले पोलाद तिच्या बाहेर राहते. परिणामी, एखादी दगडी इमारत पाडून तिच्या जागी वाहनतळाचे सात-आठ काँक्रीटचे मजले आणि त्यांवर चाळीस मजले उभे राहिले, तरी त्यातील अंतर्भूत कार्बन शहराच्या वहीत उमटत नाही, आणि नव्या काचांमुळे व नव्या वातानुकूलन यंत्रांमुळे तीच इमारत ‘हरित’ म्हणून प्रमाणित होऊ शकते.

अमेरिकेतील नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्वेशन या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पोर्टलँड, फिनिक्स, शिकागो आणि अटलांटा या शहरांतील इमारती घेऊन हा हिशेब मांडला होता. जुन्या इमारतीपेक्षा ३० टक्के अधिक कार्यक्षम असलेली नवी इमारतही आपल्या बांधकामामुळे झालेली हवामानाची हानी भरून काढायला, इमारतीच्या प्रकारानुसार, १० ते ८० वर्षे घेते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच अभ्यासाने एक अपवादही प्रामाणिकपणे नोंदवला आहे: गोदामाचे सदनिकांत रूपांतर करताना इतकी नवी सामग्री आत घालावी लागते की पुनर्वापराचा लाभ हरवू शकतो. अमेरिकेतील हवामान आणि बांधकाम महाराष्ट्राला जसेच्या तसे लागू पडणार नाही. पण वास्तूच्या पोटात नवे काय आणि किती भरले जाते यावर सारे अवलंबून आहे, हा त्या अपवादाचा धडा येथे थेट उपयोगी आहे.

चुना मुरतो तेव्हा

पुनर्वापराच्या कामातील पर्यावरणाचा खरा प्रश्न अनेकदा गिलाव्यापाशी येऊन थांबतो. सुमारे ९०० अंशांना चुनखडी किंवा शिंपले भाजून मिळालेला कळीचा चुना पाण्यात विरवला जातो, मग तो हौदात कित्येक दिवस मुरत ठेवतात. त्यानंतर वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, यांच्यासह तो घाणीत मळला जातो; दगडी गोलाकार चरातून फिरणारे जड चाक पूर्वी बैल ओढत असे, आता ते मोटारीवर फिरते. गूळ, बेलफळ, हिरडा, मेथी, उडीद यांसारखे पदार्थ त्या त्या गावच्या आणि कारागिराच्या रीतीप्रमाणे मिसळले जातात, आणि त्यांनी मसाल्याचा चिकटपणा, घट्ट होण्याची गती आणि पाणी रोखण्याची क्षमता बदलते. भिंतीवर चढल्यानंतर चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा होतो. भाजताना दगडातून गेलेला वायू अशा रीतीने बऱ्याच अंशी भिंतीत परत येतो. भट्टीच्या इंधनाचा धूर परत येत नाही, म्हणून चुना निष्कलंक ठरत नाही, पण क्लिंकरहून कमी तापमान आणि वायूची ही परतफेड मिळून त्याचे पारडे हलके राहते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. जुन्या वास्तूंच्या जाड भिंतींत जमिनीतून ओल चढते, पावसाळ्यात बाहेरून पाणी मुरते, आणि ते चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून उन्हाळ्यात निघून जाते. या भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला की ओल आत अडकते, तिच्यातील क्षार विटेच्या वा दगडाच्या पृष्ठभागामागे साठून स्फटिक होतात, आणि काही वर्षांत वीट पिठासारखी गळू लागते, दगडाचे पापुद्रे सुटतात, तुळयांची भिंतीत पुरलेली टोके कुजतात. मग ती वास्तू धोकादायक ठरते आणि तिला पाडण्याचे कारण तयार होते. चांगल्या हेतूने केलेल्या डागडुजीनेच जुन्या वास्तूंचे आयुष्य तुटावे, हे महाराष्ट्रातील देवळे, वाडे आणि सरकारी कचेऱ्या यांच्या बाबतीत वारंवार घडले आहे. पुनर्वापर पर्यावरणपूरक करायचा असेल तर चुन्यात काम करणारा गवंडी हा सौरपटलाइतकाच आवश्यक आहे, आणि चुना मळण्याचे व चढवण्याचे काम जाणणारी माणसे कमी होत जाणे ही त्या अर्थाने पर्यावरणाची हानी आहे.

लाकडाचा हिशेब याला पूरक आहे. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन असतो. एक घनमीटर सागवानाचे वजन साधारण ६५० किलो धरले, तर त्यात सव्वातीनशे किलो कार्बन साठलेला असतो, आणि हे लाकूड जळाले तर सुमारे १.२ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वाड्याची तुळई दुसऱ्या घरात तुळई म्हणून बसली किंवा तिचे दरवाजे आणि पलंग झाले, तर तो कार्बन बंद राहतो. मात्र पाडकामातील सारेच लाकूड इतके भाग्यवान नसते. मुंबईच्या पाव भाजणाऱ्या अनेक बेकऱ्यांच्या भट्ट्यांत जुन्या इमारतींचे आणि फर्निचरचे भंगार लाकूड सरपण म्हणून जळत आले आहे. रंग, वॉर्निश आणि पॉलिश यांच्यासह जळणाऱ्या त्या लाकडाच्या धुरामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यास मुदत घालून दिली. पाडलेल्या इमारतीचे पर्यावरणीय आयुष्य कोणत्या गल्लीत जाऊन संपते हे त्या धुराने दाखवले.

उत्तरेकडे पाहणारी छपरे

मुंबईत कापडगिरणीचा उद्योग १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी स्थापन केलेल्या कंपनीने सुरू झाला आणि पुढे शहरात पन्नासहून अधिक गिरण्या उभ्या राहिल्या. मागावरचा धागा दिवसभर स्पष्ट दिसावा, पण ऊन आत येऊ नये, यासाठी गिरणीच्या विणकामाच्या शेडना करवतीच्या दात्यांसारखे छप्पर असे. प्रत्येक दात्याची उभी बाजू उत्तरेकडे असून तिला काच बसवलेली, उतरती बाजू दक्षिणेकडे असून ती बंद. उत्तरेचा प्रकाश सारखा आणि थंड असतो. बिडाच्या सडपातळ खांबांवर हे छप्पर पेललेले असल्याने खाली विस्तीर्ण मोकळी जागा मिळे, आणि म्हणूनच या शेड शाळा, कार्यशाळा, वाचनालय, दवाखाना, संग्रहालय अशा कोणत्याही उपयोगाला मोठी तोडफोड न करता सामावून घेऊ शकल्या असत्या. दिवसा दिवा न लावता काम करता येईल अशी इमारत आज मुद्दाम, आणि बराच खर्च करून, रचावी लागते. गिरणगावात ती एकरांच्या हिशेबाने उभी होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मात्र असलेल्या बांधकामाचाच उपयोग बदलल्यास हे वाटे लागू होत नव्हते, त्यामुळे नव्वदच्या दशकात काही गिरण्यांच्या शेड न पाडता त्यांत कार्यालये, दुकाने आणि करमणुकीची केंद्रे आली. शहराला ना मोकळी जागा मिळाली ना घरे, हा त्यातील अन्याय होता; शेड मात्र उभ्या राहिल्या. २००१ मध्ये नियम बदलून वाटणी केवळ गिरणीच्या आवारातील पूर्वीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती करण्यात आली, बांधकामाखालील जमीन वाटणीतून सुटली, आणि त्यानंतर शेड पाडून तेथे मनोरे उभारणे हाच सर्वांत फायद्याचा मार्ग ठरला. या बदलाला बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपने उच्च न्यायालयात आव्हान दिले. २००५ मध्ये निकाल संस्थेच्या बाजूने लागला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

या संस्थेचे श्याम चैनानी यांचे नाव येथे मुद्दाम घेतले पाहिजे. माथेरान, महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरांचे संरक्षण आणि मुंबईतील वारसावास्तूंच्या यादीला कायद्याचे बळ देणारी १९९५ ची नियमावली, या दोन्ही लढ्यांत तेच अग्रभागी होते. जंगल वाचवणारा आणि दगडी इमारत वाचवणारा माणूस एकच असावा, याचे त्या काळी अनेकांना नवल वाटले असेल. अंतर्भूत कार्बनची कल्पना सर्वत्र रूढ होण्याआधी ही दोन कामे एक असल्याचे त्यांनी कृतीने मांडले होते.

आज लोअर परळमध्ये मॉलच्या गर्दीत एखादे धुराडे उभे दिसते. धुराडे ठेवून शेड पाडणे याला पुनर्वापर म्हणता येणार नाही, कारण ज्या वस्तूत प्रकाश, जागा आणि कार्बन साठलेला होता ती वस्तू गेली आणि खूण उरली. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याची महापालिकेची योजना त्या मानाने सरस आहे.

पुण्याचा चौक, मुंबईचा व्हरांडा

जुन्या वास्तू थंड असतात असे सरसकट म्हटले जाते, पण त्यामागे दोन वेगवेगळी तंत्रे आहेत. पुण्यात एप्रिलमध्ये दुपार आणि पहाट यांच्या तापमानात पंधरा अंशांहून अधिक अंतर पडते. जाड भिंत दिवसा उष्णता पोटात घेते, ती आत पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्रीची गार हवा चौकातून फिरून भिंत पुन्हा रिकामी करते. चौक हा त्या वास्तूचा हवा खेळवणारा भाता असतो. मुंबईत मे महिन्यात हेच अंतर सहा-सात अंशांचे असते, रात्रही उबदार आणि दमट असते, म्हणून तेथे जाड भिंतीचा उपयोग मर्यादित असून सावली आणि वारा हेच कामाला येतात. खोल व्हरांडे, झरोके असलेली दारे, उंच छत, समोरासमोरच्या खिडक्या ही मुंबईच्या जुन्या इमारतींची खरी यंत्रणा आहे. व्हरांडा काचेने बंद करून खोलीत भर घातली, चौकावर पारदर्शक पत्रा टाकला, उंच छताखाली दुसरे खोटे छत बसवले, की ही यंत्रणा बंद पडते आणि वातानुकूलन अटळ होते. पुनर्वापराच्या नावाखाली हे सर्रास घडते, आणि तसे झाले की वास्तू वाचवल्याचा लाभ दर महिन्याच्या वीजबिलातून झिजत जातो.

पुनर्वापर ही कल्पना नवी नाही, हे विश्रामबागवाडा सांगतो. १८०७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या निवासासाठी बांधलेल्या या वाड्यात १८२१ मध्ये इंग्रजी राजवटीने संस्कृत पाठशाळा सुरू केली, जिच्या परंपरेतून पुढे डेक्कन कॉलेज घडले. १८७९ च्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाल्यावर लोकवर्गणीच्या साहाय्याने तो पुन्हा उभारण्यात आला, नंतर तेथे नगरपालिकेची कचेरी होती, आणि टपाल कार्यालय व प्रदर्शन यांनाही त्याने जागा दिली. केसरीवाडाही मुळात बडोद्याच्या गायकवाडांचा. लोकमान्य टिळकांनी तो १९०५ मध्ये घेतला आणि तो वृत्तपत्राचे घर झाला. दोन्ही ठिकाणी खणांची रचना, म्हणजे दोन खांबांमधील ठरावीक अंतराची पुनरावृत्ती, उपयोगी पडली. खण वेगळे करता येतात, जोडता येतात, आणि त्यासाठी भिंत पाडावी लागत नाही, कारण भार खांबांवर असतो.

गोव्यात मांडवीकाठी असलेला रेइश मागूशचा किल्ला १९९३ पर्यंत तुरुंग होता. वारसाजतनाचे काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि हेलन हॅम्लिन ट्रस्ट यांच्या सहकार्याने त्याचे जतन होऊन २०१२ मध्ये तो सांस्कृतिक केंद्र म्हणून खुला झाला. जांभ्याच्या चिऱ्यांची जाड तटबंदी तीच राहिली आणि तिच्या आत चित्रांची दालने आली. जेथे नवा उपयोग वास्तूच्या अंगाने बेतला जातो तेथे सामग्री कमी लागते.

पाडणे स्वस्त का पडते

इतके सारे असूनही पाडणेच परवडते, कारण शहरातील जमिनीची किंमत तिच्यावर उभ्या असलेल्या वास्तूपेक्षा तिच्यावर बांधता येणाऱ्या क्षेत्रफळावर ठरते. चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या आकाराच्या किती पट बांधकाम करता येईल त्याचे प्रमाण, वाढवला की दोन मजली वाडा आपोआप ‘अपुरा’ ठरतो. वारसावास्तूच्या मालकाला न वापरता आलेले बांधकामाचे हक्क दुसरीकडे विकण्याची सोय कायद्यात आहे, पण ती यादीतल्या वास्तूंपुरती; यादीबाहेरचे हजारो वाडे, चाळी आणि बंगले यांच्या कार्बनला कोणतेही मोल नाही.

येथे भाडेकरूंना दोष देणे अन्यायाचे होईल. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी दुरुस्तीला पुरत नाहीत, सामायिक शौचालये आणि गळकी छपरे यांत पिढ्या गेल्या, आणि ज्या मुंबईत भेंडीबाजारातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळून तीसहून अधिक माणसे गेली, त्या शहरात जुन्या इमारतीतील कुटुंबाला नवे घर हवे असणे पूर्णपणे रास्त आहे. त्यांना आत स्वच्छतागृह, भक्कम जिना आणि न गळणारे छप्पर मिळणे हाच पुनर्वापराचा पहिला अर्थ असायला हवा. दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज आणि तांत्रिक साहाय्य यांविना जतनाचा आग्रह धरणे म्हणजे पर्यावरणाचा भार सर्वांत दुबळ्यांच्या खांद्यावर टाकणे होय.

लंडनच्या २०२१ च्या शहर आराखड्याने मोठ्या प्रकल्पांना इमारतीच्या संपूर्ण आयुष्यातील कार्बनचा हिशेब सादर करणे बंधनकारक केले. त्या शहरातील ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका मोठ्या दुकानाची जुनी इमारत पाडण्यास ब्रिटिश सरकारने जुलै २०२३ मध्ये नकार दिला तेव्हा कार्बन हे त्या वादातील एक प्रमुख कारण होते. न्यायालयीन लढाईनंतर २०२४ च्या डिसेंबरात पाडकामाला परवानगी मिळाली. निकाल काहीही लागला असो, पाडण्याच्या अर्जासोबत अंतर्भूत कार्बनचा आकडा मांडावा लागला आणि त्यावर जाहीर युक्तिवाद झाला, हे महाराष्ट्रातील नगरनियोजनाने पाहण्याजोगे आहे. येथे पाडण्याची परवानगी देताना वास्तूतील सागवान किती, घडीव दगड किती, विटा चुन्यातल्या की सिमेंटमधल्या, खांब आणि तुळया कितपत शाबूत, एवढी साधी नोंद सक्तीची केली, तरी तिच्या जागी येणाऱ्या सिमेंट व पोलादाशी तुलना करणे शक्य होईल. मालाडच्या ज्या पिवळ्या दगडात मुंबईच्या अनेक सार्वजनिक इमारती घडल्या त्याच्या खाणी शहराच्या वस्तीखाली गेल्या आहेत. त्या इमारतींच्या दुरुस्तीला लागणारा जोडीचा दगड आता बहुधा दुसऱ्या एखाद्या उतरवलेल्या इमारतीतूनच मिळू शकतो, आणि ती इमारत उतरवली की पाडली, यावर तो मिळणे न मिळणे ठरते.